नवरा-बायकोने मिळून वर्षाच्या देणग्या कशा ठरवायच्या?

ताळेबंद (धागाकर्ता)

मार्चचा शेवटचा आठवडा आला की बऱ्याच घरांत एकच प्रकार होतो. सीएचा फोन येतो, मग "कुणाला तरी देऊन टाकू या" म्हणत घाईघाईने दोन-तीन ठिकाणी पैसे जातात. पुढच्या मार्चमध्ये कुणाला किती दिले होते ते आठवत नाही.

वाद बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न एकत्र बोलल्यामुळे होतात. वर्षाला एकूण किती द्यायचं, कुठे द्यायचं आणि कुणाच्या पॅनवर द्यायचं. तिसरा प्रश्न निव्वळ कारकुनी आहे, पण चर्चा तिथूनच सुरू होते. मग ज्याच्या पॅनवर करसवलत मिळते, त्याचाच शब्द कुठे द्यायचं यातही चालतो. हे दोन प्रश्न वेगळ्या दिवशी बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच रक्कम ठरवून त्यात सगळं कोंबू नका. वहीत तीन खाती करा. पहिलं नात्यातली आणि ओळखीतली मदत: भाच्याची फी, कामाच्या मावशींच्या मुलीचा क्लास, गावच्या काकांचं ऑपरेशन. दुसरं मंडळाची वर्गणी, देवस्थान, जत्रा, सोसायटीचा गणपती. तिसरं संस्थांना द्यायची देणगी. पहिल्या दोन खात्यांचा आकडा मागच्या बँक स्टेटमेंटवरून बहुतेकदा आधीच कळतो. ठरवायचं असतं ते तिसरं. "तुझ्या माहेरच्यांना दिलं तेही दानच की" हे वाक्य निघालं की दोन खाती एक झाली म्हणून समजा.

तिसऱ्या खात्यात कुठे द्यायचं हे दोघांनी मिळून ठरवण्याची चांगली पद्धत कुणाकडे आहे?

---

नदीकाठ

आहे. कागद-पेन्सिलीचं काम आहे, अर्धा तास पुरतो.

आधी विषयांची यादी एकत्र करा, संस्थांची नको. शिक्षण, आरोग्य, पाणी-शेती, प्राणी, अपंगत्व, वृद्ध, कला, जे काही असेल ते, पण सहाच्या वर नको. मग दोघांनी वेगवेगळे बसून 100 गुण वाटायचे. एकमेकांचा कागद बघायचा नाही, नाहीतर दुसरा आपले आकडे जुळवून घेतो.

समजा त्याचे गुण शिक्षण 50, आरोग्य 10, प्राणी 40 असे आहेत. तिचे शिक्षण 20, आरोग्य 60, प्राणी 20. इथे बहुतेक जण सरासरी काढतात: 35, 35, 30. मग त्याला शिक्षणात हवं होतं तेवढं जात नाही आणि तिला आरोग्यात हवं होतं तेवढंही नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयात दोघांपैकी कमी आकडा घ्या: 20, 10, 20. बेरीज 50. एवढ्यावर दोघांचं खरोखर एकमत आहे, म्हणून रकमेचा अर्धा भाग सामायिक. उरलेला अर्धा दोघांत सारखा वाटायचा आणि तो ज्याचा त्याने, न विचारता, कुठेही द्यायचा.

एक लाखाचं उदाहरण घेतलं तर 50,000 सामायिक (शिक्षण 20, आरोग्य 10, प्राणी 20 हजार) आणि प्रत्येकी 25,000 स्वतःच्या मर्जीचे. कमी आकड्यांची बेरीज 25 च्या खाली आली तर सामायिक भागाचा हट्ट धरू नका. एकमत नाही म्हणून काही बिघडत नाही.

---

मीठभाकर

कमावणारा एकच असेल तर? पगार एकाचा आणि निम्मे पैसे दुसऱ्याच्या मर्जीने?

---

नदीकाठ

@मीठभाकर, हो. घरखर्चाचे निर्णय पगाराच्या प्रमाणात होत नसतील तर देणगीचेच का व्हावेत?

---

हिशेबी_मांजर

आता तो कारकुनी भाग. इथली निम्मी माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीची फिरते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवीन करप्रणालीत 80जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही. आणि 2023-24 पासून आपोआप लागू होते ती नवीनच प्रणाली. जुनी हवी असेल तर पगारदाराने रिटर्न भरताना ती निवडायची असते, आणि रिटर्न मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की नवीन प्रणाली लागते आणि 80जी गेली. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर 10-आयईए हा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

नवरा-बायको हे कायद्याने दोन स्वतंत्र करदाते. एक जण जुन्यात, दुसरा नव्यात असेल तर पावती जुन्यातल्याच्या पॅनवर घ्यावी. दोघे जुन्यात असतील तर रक्कम विभागावी. कारण असं की बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या 50 टक्केच वजावट मिळते, आणि मुळात पात्र रक्कमही समायोजित एकूण उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतच धरतात. समायोजित म्हणजे 80सी, 80डी वगैरे बाकीच्या वजावटी आणि दीर्घ मुदतीचा भांडवली नफा वगळून उरलेलं.

समजा त्याचं असं उत्पन्न 9 लाख आणि तिचं 8 लाख आहे. एकूण देणगी 1,20,000.

सगळी त्याच्या नावावर: मर्यादा 90,000, वजावट 45,000, 20 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून कर वाचला 9,360.
निम्मी निम्मी: प्रत्येकी 60,000, दोघेही मर्यादेच्या आत, वजावट 30,000 अधिक 30,000, कर वाचला 12,480.

नुसत्या दोन पावत्या केल्या म्हणून 3,120 रुपयांचा फरक.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, राष्ट्रीय संरक्षण निधी यांना दिलेल्या रकमेवर 100 टक्के वजावट आहे आणि 10 टक्क्यांची मर्यादाही नाही. रोख 2,000 च्या वर दिलेली रक्कम अजिबात धरत नाहीत. वस्तू, धान्य, कपडे दिले तर बाजारभाव कितीही असो, वजावट शून्य.

हे सगळं आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतचं, जुन्या कायद्याच्या भाषेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. लोक बोलताना 80जी च म्हणणार, पण रिटर्नमध्ये नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

---

भोपळाबी

दोघेही नवीन प्रणालीत असू तर 80जी वाली संस्था शोधण्यात काय हशील?

---

हिशेबी_मांजर

@भोपळाबी, करापुरतं काहीच नाही. उलट मोकळीक मिळते. गावच्या शाळेला, नोंदणी नसलेल्या वाचनालयाला किंवा थेट गरजूला दिलं तरी हिशेब तोच. पण 80जी मंजुरी असलेली संस्था दरवर्षी आयकर खात्याला देणगीदारांची यादी कळवते, म्हणजे तिचा हिशेब कुठेतरी नोंदला जातो. एवढ्यासाठी ती पाहावी.

---

खडूफळा

वर संस्था कशी निवडायची ते कुणी लिहिलं नाही. करापेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, माझ्या मते.

संस्था कमी ठेवा. सामायिक रकमेसाठी दोन, फार तर तीन, आणि एकदा ठरवली की तीन वर्षं. दहा ठिकाणी पाच-पाच हजार दिले की दहा पावत्या, दहा फोन, दहा वार्षिक अहवाल, आणि एकाही संस्थेला पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. शिक्षिकेला जूनमध्ये कामावर घ्यायचं तर पुढच्या फेब्रुवारीचा पगार कुठून येणार हे जूनमध्येच माहीत असावं लागतं. तीन वर्षांचं आश्वासन एका ओळीच्या मेलवर दिलं तरी पुरतं.

वेळही बघा. मार्चमध्ये सगळे देतात. वसतिगृहाचा मोठा खर्च जून-जुलैत असतो: वह्या, गणवेश, धान्याचा साठा, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी. त्यामुळे वर्षाचा आकडा मार्चमध्ये ठरवा, पण पैसे मे-जूनमध्ये पाठवा.

आता वस्तूंचा मोह. संगणक, वॉटर प्युरिफायर, सोलर पॅनेल यांना देणगीदार मिळतो, कारण त्यावर नाव लिहिता येतं. गृहमातेचा पगार, विजेचं बिल, जीपचं डिझेल याला कुणी मिळत नाही. आणि तो प्युरिफायर वर्षाने फिल्टर बदलायला पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यात पडून राहतो. वस्तू द्यायचीच असेल तर तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च सोबत द्या, नाहीतर "कशावरही खर्च करा" असं पत्रात लिहून द्या. संस्थेला ते वाक्य सोन्यासारखं असतं.

'कायम तिथी' योजनेबद्दलही सांगायला हवं. आईच्या पुण्यतिथीला दरवर्षी अन्नदान, त्यासाठी 25,000 एकरकमी. दोघांनाही हे भावतं आणि वादही होत नाही, म्हणून झटकन ठरतं. आता गणित करा. 7 टक्क्यांनी वर्षाला व्याज 1,750. साठ मुलांच्या एका जेवणाला ताटामागे 40 धरले तरी 2,400 लागतात, म्हणजे पहिल्याच वर्षी कमी. महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांत त्या 1,750 ची किंमत निम्म्यावर येते. तिथी कायम राहते, जेवणाचे पैसे संस्था दुसरीकडून आणते. त्यापेक्षा दरवर्षी त्या तारखेला चालू भावाने पैसे पाठवणं बरं.

---

ताळेबंद

@खडूफळा, तिथीचं गणित बऱ्याच जणांना झोंबेल, पण खरं आहे.

संस्था तपासायची कशी, ते माझ्याकडून. महाराष्ट्रातली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. त्याच्या सुरुवातीचं अक्षर पाहिलं तरी प्रकार कळतो: 'ई' सार्वजनिक धर्मादाय न्यास, 'एफ' सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था, 'ए' हिंदू धार्मिक न्यास. मग परिशिष्ट 1 चा उतारा, यालाच लोक शेड्यूल वन म्हणतात. त्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं दिसली तर एक तर अर्ज दिला नाही किंवा तो प्रलंबित आहे. प्रलंबित असणं फार सर्रास आहे, त्यावरून संस्था बाद करू नका. पण अर्जाची पोच मागा.

त्यानंतर लेखापरीक्षण अहवाल: परिशिष्ट 8 म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट 9 म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. दोन्ही ठरलेल्या छापील नमुन्यात असतात, त्यामुळे एकदा बघायला शिकलात की कुठल्याही संस्थेचे दहा मिनिटांत वाचून होतात.

परिशिष्ट 9 मध्ये खर्चाच्या बाजूला 'आस्थापना खर्च', 'विश्वस्तांचे मानधन' आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' अशा ओळी असतात. आस्थापना खर्च जास्त दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. काही लेखापरीक्षक शिक्षकांचे पगार उद्दिष्टांत धरतात, काही आस्थापनेत. सोबतचं तपशीलपत्रक मागितल्याशिवाय ती टक्केवारी निरुपयोगी आहे.

परिशिष्ट 8 मध्ये मी आधी मालमत्तेची बाजू बघतो. 'आगाऊ रकमा' या शीर्षकाखाली 'विश्वस्तांना' अशी ओळ असते, ती कोरी असावी. तिथे आकडा असेल तर संस्थेचा पैसा विश्वस्ताकडे आहे. डावीकडे 'कर्जे: विश्वस्तांकडून' असा आकडा असेल तर उलट, विश्वस्त स्वतःच्या खिशातून संस्था चालवताहेत. लहान संस्थांत हे नेहमी दिसतं आणि वाईट नाही. शिल्लक निधी वर्षाच्या खर्चाच्या तीन-चारपट असेल तर विचारा की कशासाठी साठवलाय. इमारतीसाठी असेल, ठीक.

अहवालाला प्रश्नोत्तरांसारखं एक पत्रक जोडलेलं असतं. त्यात कुणी विश्वस्त संस्थेचा धनको वा ऋणको आहे का याचं उत्तर लेखापरीक्षकाला द्यावंच लागतं. ती ओळ नक्की वाचा.

मात्र दहा हजार देणाऱ्याने वीस कागद मागू नयेत. नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षाची ही दोन परिशिष्टं, 80जी मंजुरीपत्र, बस. आणि ते मंजुरीपत्र 2021 नंतरचं हवं. त्याआधीची 'कायमस्वरूपी' म्हणून मिळालेली पत्रं आता चालत नाहीत, सगळ्यांनी नव्याने नोंदणी करायची होती. ती तात्पुरती असेल तर तीन वर्षांची, नियमित असेल तर पाच, म्हणून मुदतीची तारीख बघा. 12ए किंवा 12एबी दाखवून कुणी "करमुक्त आहे" म्हणालं तर ती संस्थेच्या उत्पन्नाची सवलत, तुमची नव्हे. आणि नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर नाव असणं म्हणजे फक्त नोंद, प्रमाणपत्र नाही.

---

चहाबिस्किट

एवढं सगळं बघायला वेळ नसणाऱ्यांसाठी: 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' गणेशोत्सवात दरवर्षी निवडक संस्थांची ओळख छापतो. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' प्रदर्शन भरतं, तिथे संस्थांची माणसं समोर भेटतात. दोघांनी एकत्र जावं आणि घरी येईपर्यंत कुणालाही काही कबूल करू नये. स्टॉलसमोर उभं राहून एकमेकांकडे बघत घेतलेले निर्णय बहुतेक संकोचाचे असतात.

---

सातासमुद्रापार

परदेशातल्या जोडप्यांसाठी एक मोठी मेख आहे आणि ती पासपोर्टवर ठरते, राहण्याच्या जागेवर नाही.

दोघांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशात राहूनही, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. संस्थेला एफसीआरए नोंदणी (विदेशी योगदान घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागत नाही. पण एकाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ती व्यक्ती विदेशी स्रोत. तिची देणगी फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते, आणि तीही त्या संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच जमा व्हावी लागते.

अडचण होते ती मिश्र जोडप्यांची. खातं दोघांचं, त्याचा पासपोर्ट भारतीय, तिचा अमेरिकी, आणि पैसे गेले संस्थेच्या साध्या खात्यात. दंड आपल्याला होत नाही, संस्था गोत्यात येते. उपाय असा की भारतीय पासपोर्टवाल्याने एकट्याच्या नावाच्या खात्यातून द्यावं, सोबत पासपोर्टची प्रत पाठवावी. नाहीतर तिने अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत पाठवावं (महाराष्ट्र फाउंडेशन हे मराठी लोकांना माहीत असलेलं उदाहरण). अमेरिकेतल्या करात वजावट हवी असेल तरी हाच रस्ता, भारतातल्या संस्थेला थेट दिलेलं तिथे धरत नाहीत.

---

मीठभाकर

आणि आजारपणाची आवाहनं? रोज फोनवर एक तरी येतं. बायको प्रत्येकाला पाचशे देते, नवरा म्हणतो सगळं खोटं. दोघेही थोडे बरोबर असतात.

---

नदीकाठ

@मीठभाकर, यासाठी तिसऱ्या खात्यात 10 टक्के वेगळे ठेवा आणि एक नियम करा: हजाराच्या आत ज्याला वाटेल त्याने द्यावं, विचारायचं नाही, टोमणाही नाही. त्यावर असेल तर दोघांचं हो लागेल आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची.

मोठी रक्कम देण्याआधी रुग्णाच्या घरच्यांना दोन गोष्टी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का (कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे). आणि रुग्णालय धर्मादाय आहे का. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, शिवाय बिलाच्या 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. तिथला समाजसेवा अधिकारी गाठून दिला तर पाच हजारांच्या देणगीपेक्षा जास्त काम होतं. द्यायचेच असतील तर रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाचा नोंदणी क्रमांक टाकून द्या. आवाहनातल्या क्यूआरवर एखाद्या तिऱ्हाईताचं नाव येत असेल तर थांबा.

क्राउडफंडिंगच्या साइटवर दिलंत तर देणगीच्या खाली 'टिप' आधीच लावलेली असते, ती शून्यावर आणता येते. आणि व्यक्तीच्या उपचाराला दिलेल्या पैशांवर 80जी नाही.

---

भोपळाबी

मॉलबाहेर टॅब घेऊन उभे असतात ते? दोघांपैकी एकाने मासिक चालू केलेलं असतं आणि दुसऱ्याला वर्षाने कळतं.

---

हिशेबी_मांजर

@भोपळाबी, पंधरा हजारांच्या आतला कार्डावरचा आवर्ती व्यवहार दर वेळी ओटीपी न मागता जातो, 24 तास आधी फक्त एक संदेश येतो. तो कोण वाचतं! यूपीआय अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे'ची यादी असते, वर्षातून एकदा दोघांनी एकमेकांची बघावी. मासिक देणगी संस्थेला सोयीचीच असते, म्हणून ती बंद करा असं म्हणत नाही. फक्त मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी) करताना शेवटची तारीख पुढच्या 31 मार्चची टाका, म्हणजे दरवर्षी आपोआप चर्चेला येईल. नाव, आधार आणि कार्ड रस्त्यात कुणाला देऊ नका, घरी येऊन संस्थेच्या साइटवरून करा.

---

चहाबिस्किट

पावतीबद्दल एक शंका. कै. वडिलांच्या नावाने देणगी दिली, पावती त्यांच्याच नावाने आली. आता रिटर्नमध्ये दाखवता येईल का?

---

हिशेबी_मांजर

नाही, आणि हे फार वेळा होतं. देणगीदार म्हणून देणाऱ्याचं नाव आणि पॅन हवा, 'स्मरणार्थ' हा शेऱ्याचा रकाना आहे.

संस्था 31 मे पर्यंत 10बीडी हे विवरण भरते, त्यातून तुमचं 10बीई प्रमाणपत्र तयार होतं. वजावटीला तेच लागतं, साधी पावती नव्हे. त्या विवरणात एका ओळीला एकच ओळख क्रमांक बसतो. त्यामुळे "श्री. व सौ." अशी जोडपावती मागितलीत तर कुणाचा तरी एकाचाच पॅन जाणार, आणि नेमका नव्या प्रणालीतल्याचा गेला तर वजावट गेली. निम्मे निम्मे हवे असतील तर व्यवहारही दोन करा. जोडखात्यातून गेले तरी चालतं, पण दोन वेगळ्या रकमा, दोन पॅन, आणि पैसे पाठवल्या दिवशीच दोन मेल. संस्थेतल्या माणसाला बँक स्टेटमेंटवर नुसता यूपीआयचा क्रमांक दिसतो, तुम्ही कळवलं नाही तर ती रक्कम निनावी म्हणून नोंदली जाते.

चुकलंच असेल तर संस्था सुधारित 10बीडी भरू शकते. जूनमध्ये 10बीई आलं की लगेच नाव, पॅन आणि रक्कम तपासा, कारण तुमच्या रिटर्नच्या मुदतीआधी दुरुस्ती व्हायला हवी. प्रमाणपत्र आलंच नसेल तर त्यांना आठवण करा: उशिराला दिवसाला 200 रुपये शुल्क आहे, त्यामुळे सहसा दखल घेतात. वडिलांच्या पावतीसाठी आजच मेल टाका, सोबत ज्या खात्यातून पैसे गेले त्याचं स्टेटमेंट जोडा.